मरणारे साहेब

आमचे साहेब फार सुंदर मरायचे. गोळी लागली की आधी आश्चर्य, मग थोडा राग, मग आईची आठवण, एक गुडघा, दुसरा गुडघा आणि शेवटी टोपी गडगडत पहिल्या रांगेपर्यंत. रंगमंचावर अंधार झाला की उठायचे, पँट झटकायचे आणि मला विचारायचे, "टू लाँग?" जास्त लांबलं का, हा प्रश्न त्यांनी मला प्रत्येक मरणानंतर विचारला.

साहेब आयरिश. तरुणपणी डब्लिनच्या रंगभूमीवर गाजलेले, पुढे सिनेमात गेलेले. मात्र सिनेमात त्यांचा चेहरा दिसला की समजावं, हा गडी मध्यंतर गाठत नाही. खाणीत, बोटीवर, बर्फात, सगळीकडे ते मेले होते. नव्वदीच्या सुरुवातीला हॉटेलातल्या नाताळच्या एका नाटकासाठी दुबईला आले; नाटक बंद पडलं, साहेब राहिले. रास अल खोरच्या आमच्या कंपनीत ते फोनवर इंग्रजी कसं बोलावं हे शिकवायचे. मी तिथे अकाउंट्समध्ये होतो आणि मराठी मंडळाची नाटकं बसवायचो. फुकटात खराखुरा गोरा नट मिळाल्यावर मी सोडतोय होय!

पहिलंच नाटक क्रांतिकारकांचं. कलेक्टरचं काम म्हटल्यावर साहेब भडकले. "मी इंग्रज नाही! त्यांनी आमच्यावर तुमच्यापेक्षा जास्त राज्य केलंय. मला क्रांतिकारक कर."

आमचे अध्यक्ष दर वर्षी आपोआप नायक असत. ते शांतपणे म्हणाले, "हबीबी, ऑडियन्सला एवढं डिटेल लागत नाही. गोरा म्हणजे इंग्रज."

प्रयोगात अध्यक्षांनी गोळी घातली, आणि साहेबांनी मरायला इतका वेळ घेतला की टाळ्या त्यांनाच पडल्या. अध्यक्ष पिस्तूल धरून बावळटासारखे उभे. शेवटी पुटपुटले, "यल्ला साहेब, खलास करा ना! हॉल खाली करायचाय."

पण मंडळाला साहेबांची चटक लागली ती लागलीच. लग्नाच्या विनोदी नाटकातही एक गोरा पाहुणा घुसवला गेला, आणि त्याचं पुढे काय करायचं हे न सुचल्यामुळे दुसऱ्या अंकात त्याला हार्ट अटॅक दिला. पुढे बसलेली पोरं मोठ्यांदा विचारायची, "व्हेन इज ही गोइंग टू डाय?"

तालमी शुक्रवारी कंपनीच्या गोदामात व्हायच्या. तिथे खोक्यावर बसून साबुदाण्याची खिचडी खाता खाता साहेब एकदा म्हणाले, "एकदाच मला शेवटपर्यंत जिवंत ठेव. जन्मभर मी नाटकाचा शेवट विंगेतूनच बघितलाय."

मी म्हटलं, "इन्शाल्ला." दुबईत याचा अर्थ 'विसरा आता' असा होतो, ते त्यांनाही ठाऊक होतं.

दोन हजार साल उलटल्यावर वयामुळे त्यांचा व्हिसा वाढेना. परत जाणं ठरलं. मी अध्यक्षांना सांगून टाकलं, यंदा साहेब मरणार नाहीत.

"मग ते करणार काय?" अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं.

साहेब नायकाचे शेजारी झाले. पहिल्या अंकात येऊन बसायचं आणि नाटकाचं शेवटचं वाक्य बोलायचं: "चला, चहा टाका." तेवढ्यासाठी त्यांनी महिनाभर कंपनीतल्या प्रत्येक मराठी माणसाला पकडून पकडून चहा टाकायला लावला.

प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षकांचं नाटकाकडे लक्षच नव्हतं. सगळे साहेब कधी जातात त्याची वाट बघत होते. ते जरा खोकले, तर एक काकू म्हणाल्या, "आता गेले!" ते स्टुलावर चढले, तर हॉल श्वास रोखून बसला. शेवटी साहेब उभे राहिले, सगळ्यांकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "चला, चहा टाका." हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. पडदा पडला तेव्हा ते माझा हात धरून रडत होते. इतकं सुंदर मरणाऱ्या माणसाला रडता मात्र अजिबात येत नव्हतं. नाक लाल, तोंड वेडंवाकडं. मलाही आवरलं नाही.

काही वर्षांनी त्यांच्या बहिणीचा फोन आला. सकाळी खुर्चीत बसले होते. ती चहा घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं, "साहेब गेले." मागून कुणीतरी हसून म्हणालं, "परत?"

त्याला काय दोष द्यायचा? मीसुद्धा वाटच बघत होतो. आता उठतील, पँट झटकतील, विचारतील.

नाही हो साहेब, अजिबात नाही लांबलं. या वेळी जरा लांबवायला हवं होतंत.