खऱ्या कारणाची रजा

आमच्या सरांना आम्ही ‘ताप सर’ म्हणायचो, कारण त्यांना सगळ्यांत जास्त राग यायचा तो तापाचा. खऱ्या नव्हे, अर्जातल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावच्या आमच्या शाळेत रजेचा इंग्रजी अर्ज प्रत्येकाने गाइडमधून पाठ केलेला होता: ‘आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर.’ बहिणीचे लग्न असो की सोयाबीनची सोंगणी, अर्जात ताप. आठवडी बाजाराच्या दिवशी तर निम्मा वर्ग फणफणलेला असे.

इंग्रजी शिकवायला आल्यावर सरांनी हे अर्ज बंद केले. रजा तोंडी मागायची, इंग्रजीत, आणि कारण खरे द्यायचे. “सर, मले इंग्रजीत ताप सोडून काहीच येत नाही,” मागच्या बाकावरून तक्रार आली. “मंग रजा नाही. बस खाली,” सर म्हणाले. आठवड्याभरात तोच मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, “आय नीड अ डे ऑफ. वी आर कटिंग सोयाबीन.” मात्र पुढे ‘प्लीज सर, प्लीज’ सुरू होताच सरांनी हात वर केला. “रजा माग बे, भीक काऊन मागतं? कारण सांगितलं का गप्प.”

दुसरा नियम त्याहून कडक होता: मंजूर म्हटले की थांबायचे नाही. “साहेबाचं मन कवा फिरन, सांगता येत नाही.” त्यामुळे मंजुरी मिळालेली मुले दाराकडे अक्षरशः धावत.

मी तर तेव्हापासूनच धावत होते. खिडकीतून बुलढाण्याची एसटी दिसली की माझे फळ्यावरचे लक्ष उडे. विज्ञान शाखेचा प्रवेश पाहून येण्यासाठी मी रजा मागितली, तेव्हा कारण दिले, “आय वॉन्ट टु गेट आउट ऑफ हिअर.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “खरं बोलली. मंजूर.”

जर्मनीला संशोधनासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात भेटले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. माझी नजर सारखी घड्याळाकडे जात होती, आणि तीन वर्षांसाठी जाते आहे हे त्या माणसाला सांगवत नव्हते.

“सर, निघते. सकाळपासून अंगात जरा कसकस आहे.”

त्यांनी डोळे उघडले. “ताप? तुले पण?”

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. “आय हॅव अ फ्लाइट टुमॉरो, सर. आय विल बी अवे फॉर थ्री इयर्स.” आणि गप्प झाले.

“मंजूर,” ते म्हणाले. मी हलले नाही. “काऊन थांबली वं पोरी? माह्यं मन फिरलं तं?”

मी गेले.

त्यांच्या जाण्याची बातमी प्रयोगशाळेत आली. प्रयोग अर्ध्यावर होता. मी मार्गदर्शक बाईंच्या दारात उभी राहिले. “आय नीड अ डे ऑफ. माय टीचर हॅज डाइड.” पुढे एक शब्दही जोडला नाही. त्यांनी तत्काळ होकार दिला.

मी मात्र दारातच उभी राहिले. धावत जाऊन गाठावी अशी एसटी तिथे नव्हती.