काळी पाच

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही असं नाही. विचारायचे, आणि मी दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. अक्कावर काढलेला तो माहितीपट अजूनही जयंतीच्या आसपास कुठे कुठे दाखवतात. त्यात नौबाद गावात झालेला तिचा कार्यक्रम येतो. निवेदक सांगतो की सहा वर्षांनी आपल्या माणसांसमोर उभं राहिल्यावर गायिकेचा कंठ आनंदाने दाटून आला आणि गाणं अर्ध्यावर थांबलं. बघणारे डोळे पुसतात. त्या वेळी पडद्यावर पेटी वाजवणारे दोन हात दिसतात. ते माझे आहेत. आणि निवेदक सांगतो ते खरं नाही.

अक्का माझ्या नात्यातली नव्हती. आमची दोन्ही घरं बिदरकडच्या कमठाण्याची, एकाच गल्लीतली. आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी ती बारा-तेरा वर्षांची असेल, मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. पुढे गावोगाव जलसे सुरू झाले. ती गायला लागली आणि मी पेटी धरली. भालकी, उदगीर, लातूर, गुलबर्गा, जिथे गेलो नाही असं गाव राहिलं नाही. मग तिच्या एका गाण्याची तबकडी निघाली. त्या गाण्यात आई लेकीला सांगते की पाण्याला जाताना विहिरीच्या मागून जाऊ नकोस, पुढच्या पायऱ्यांनी उतर. शेवटच्या कडव्यात ‘उतर’ हा शब्द अक्का एवढा वर न्यायची की बसलेली माणसं उठून उभी राहायची. ते गाणं ती काळी पाचमध्ये गायची. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी धरायची आणि तिथून सा लावायचा. बाईच्या गळ्यालाही ती पट्टी चढीच. अक्काला ती चढी वाटत नव्हती.

पुढे तिच्या गळ्यात गाठी झाल्या. सोलापूरला डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो, कारण तिचे मालक पेरणी सोडून येऊ शकत नव्हते. गाठी काढल्या. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही यांचे कोण? मी म्हणालो, पेटीवाला. मग तुम्हीही ऐका, म्हणाले. वर्षभर बोलणं कमी, पुढे गायचं तर खालच्या पट्टीत. वर ताण दिला तर जे राहिलंय तेही जाईल. त्यांनी हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

सहा वर्षं अक्का गायली नाही. शेतात राबायची, लेकीला शिकवायची. मी बिदरला कापडाच्या दुकानात लागलो. एकदा एका गिऱ्हाइकाने ओळखलं. ‘तुम्ही पेटी वाजवत होता न्हाई का?’ असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत चादरीचा भाव विचारला. हे मी सांगतो ते उगाच नाही. माझ्या मनात काय साचलं होतं ते कळावं म्हणून सांगतो.

मग मुंबईकडचा एक माणूस आला. माहितीपट काढणारा. उदगीरच्या एका हॉटेलात त्याने ती तबकडी ऐकली होती आणि विचारत विचारत तो कमठाण्याला पोचला होता. अक्का पुन्हा गाते आहे, लोकांसमोर गाते आहे, एवढंच त्याला टिपायचं होतं. अक्काने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हणाली ती नौबादच्या सात मुलींमुळे. त्या तिच्याकडे गाणी शिकायला यायच्या. आपल्या मागे गाणी त्यांच्या गळ्यात राहावीत, लोकांनी त्यांना आपल्या शेजारी उभं राहिलेलं बघावं, हा तिचा हेतू. चार गाणी ती गाईल, बाकीची मुली. आणि पट्टी काळी तीन, दोन काळ्या खाली.

तालमीच्या पहिल्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. ‘गळा माझा हाय, पण पट्टी तुझ्या हातात हाय,’ म्हणाली. ‘ध्यानात ठेव बाबा.’

यात एक बारकावा आहे. आमच्या जलशात मुख्य गाणारा आधी तोंड उघडत नाही. पेटीवाला सूर देतो, कोरस ध्रुवपद उचलतो, आणि ते संपता संपता गाणारा आत येतो. म्हणजे तो येतो तेव्हा पट्टी ठरून गेलेली असते.

काळी तीनमध्ये तिचा आवाज जाड आणि सावळा लागायचा. आज मला वाटतं, तबकडीवरच्यापेक्षा तो चांगला होता. तेव्हा वाटलं की बाई डोक्यावरून शाल घेऊन गातेय. आमचा ढोलकीवाला कमठाण्याचाच, लिंगायतांच्या घरचा, आमच्याबरोबर वीस वर्षं फिरलेला. तो म्हणाला, ‘गाणं म्हातारं झालंय गा. पण खोटं न्हाई.’ अक्का हसली. मी हसलो नाही.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तो मुंबईकडचा दिग्दर्शक मला चहाला घेऊन गेला. त्याने टेपवर जुनं गाणं लावलं. त्याच्या मनात असं होतं की पडद्यावर अक्काचा तरुणपणीचा फोटो, मागे तबकडीचा आवाज, आणि ओळीच्या मध्येच तो आवाज आजच्या अक्काच्या आवाजाला जोडायचा. कुठे जोडलं ते कळू नये. त्यासाठी दोन्ही एकाच पट्टीत हवं. होईल का, त्याने विचारलं. त्यांच्या गळ्याला चालेल ना, हेही विचारलं. त्याला डॉक्टरांचं काही माहीत नव्हतं. त्या माणसावर मी काही ढकलणार नाही.

मी म्हणालो, तिला सवय आहे, एका गाण्याचं काय.

तो म्हणाला, मग मी त्यांना विचारतो. मी म्हणालो, नको, मी सांगतो. मग तो म्हणाला की जोडाच्या जागी तो माझे हात दाखवील. तबकडीत पेटी वाजवलेले हात आणि आजचे हात, तेच. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि टेबलाच्या कडेवर त्या गाण्याची बोटं फिरवून बघितली.

ढोलकी पेटीच्या सुराला लावलेली असते, त्यामुळे ढोलकीवाल्याला सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून सांगितलं की विहिरीच्या गाण्याला जुनी चढी ढोलकी आण, अक्काने सांगितलंय.

‘काळी पाच?’ तो म्हणाला. ‘मला कामून न्हाई सांगितली?’

‘तिला तालमीत ताण नको. स्टेजवरच घेणार म्हणती.’

‘तू सांगायलास म्हणून आणतो,’ म्हणाला.

जलसा आमच्याकडे दिवे लागल्यावर बसतो. पण कॅमेऱ्याला ऊन हवं होतं, म्हणून कार्यक्रम चारला ठेवला. नौबादच्या शाळेपुढचं मैदान तापलेलं, लाल माती वाऱ्याने उडत होती आणि माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. युनिटच्या पोरांनी चंदेरी कागद लावलेले दोन फळे उभे करून ऊन अक्काच्या तोंडावर टाकलं होतं. तिला समोरचं काही दिसत नव्हतं. डोळे बारीक करून ती म्हणाली, लोक आलेत का रं? मी म्हणालो, भरलंय मैदान. तिच्या मानेवर घाम होता आणि ती सारखा गळ्याला हात लावत होती. तिच्या लेकीने, ती तेव्हा वीस-एकवीसची असेल, बर्फ घातलेलं लिंबाचं सरबत आणून दिलं. अक्काने दोन घोट घेतले. कर्णा मोठ्याने वाजत होता, त्या आवाजात ढोलकीवाला मान खाली घालून ढोलकी चढवत होता. ती अक्काला ऐकू गेली नाही.

पहिली दोन गाणी काळी तीनमध्ये नीट झाली. इथेच थांबावं असं वाटलं का? वाटलं. कॅमेरावाला वाकून माझ्या हातांजवळ आला आणि ते वाटणं गेलं.

मी पाचव्या काळीवर बोट ठेवलं आणि भाता ओढला. मुली अर्धी मात्रा अडखळल्या. पुढच्या मुलीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी ध्रुवपद उचललं. अक्काने मान वळवली. ते बघणंही कॅमेऱ्याने घेतलंय. माहितीपटात ते जुन्या सोबत्यांचं एकमेकांकडे बघणं म्हणून येतं. मी तिच्याकडे बघितलंच नाही, पट्ट्यांकडे बघत होतो.

ध्रुवपद संपेपर्यंत तिच्याकडे वेळ होता. हात वर करून तिला थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही. थांबवलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं की मुली चुकल्या.

ती आत आली. पहिलं कडवं तबकडीवरच्यासारखं आलं, तसंच. माणसं उभी राहिली. त्या क्षणी मला आनंद झाला होता. हे लिहायला नको वाटतं, पण झाला होता. शेवटच्या कडव्यात ‘उतर’पाशी ती वर गेली आणि आवाज बंद झाला. फाटला नाही, घसरला नाही. तोंड उघडं, मान ताठ, आणि माईकमध्ये नुसता वारा. ढोलकी दोन आवर्तनं एकटीच वाजली. मग मुलींनी ओळ उचलली. अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, फळ्यावरच्या उन्हात ते चमकलं, आणि लोक टाळ्या वाजवत राहिले.

स्टेजमागे ती खुर्चीवर बसली होती, गळ्यावर हात ठेवून. मी म्हणालो, ‘पेटी उन्हात होती अक्का. उन्हानं चढली.’

ऊन लागून पेटी दोन काळ्या चढत नाही, हे गल्लीतल्या पोरालाही कळेल. अक्काने पेटीसमोर आयुष्य काढलं होतं. तिने हाताने पाणी मागितलं. लेक पाणी घेऊन आली तेव्हा कुणीतरी बाई बोलली की घाम आलेल्या गळ्याला बर्फ कुणी देतं का. दुसरी म्हणाली, व्हय, गळा धरला बर्फानं. पोरीने तांब्या आईच्या हातात न देता खाली ठेवला. मी तिथेच उभा होतो.

ढोलकीवाला ढोलकी कापडात बांधत होता. ‘अक्कानं खरंच सांगितलीती?’ त्याने विचारलं. मी पेटी बंद करत होतो. त्याने परत विचारलं नाही, आणि त्यानंतर तो माझ्या शेजारी कधी बसला नाही.

सोलापूरला तिला दाखवायला नेलं तेव्हा मी दुकानाचं निमित्त काढून गेलो नाही. डॉक्टर माझ्याकडे बघतील याची भीती होती. आवाज परत आला नाही. अक्का उरलेलं आयुष्य कुजबुजत बोलली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की लेकीच्या सरबताने आईचा गळा गेला. लेकीलाही तेच ठाऊक होतं. सासरी गेल्यावरही सणाला आली की ती आईसमोर डोळे वर करत नसे.

पुढच्या वर्षी गुलबर्ग्याला एका हॉलमध्ये सकाळी माहितीपट दाखवला. अक्का आली आणि माझ्या शेजारीच बसली. तो जोड आला. तरुण अक्काचा फोटो, तबकडी, आणि ओळीच्या मध्यात आजची अक्का. कुठे जोडलं ते कळत नव्हतं. मग माझे हात आले. अक्का माझ्या कानाशी वाकली. त्या कुजबुजीला रागाचा सूर लावता येत नव्हता, त्यामुळे तिच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

‘पट्टी बराबर जुळलीय, न्हाई?’

मी म्हणालो, ‘व्हय.’

तेव्हाच सांगता आलं असतं. तिने दार उघडून दिलं होतं, आणि मी एका शब्दात ते लावून घेतलं.

त्यानंतर मी कितीदा तरी कमठाण्याला गेलो. बिदरच्या स्टँडवरून बस सुटली की मनातल्या मनात वाक्यं जुळवायचो. पोचल्यावर ती चहा टाकायला सांगायची, मुलींनी कुठे कार्यक्रम केला ते कुजबुजत सांगायची. मी पाऊसपाण्याचं बोलायचो. कधी ती मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे बघत बसायची, वाट बघितल्यासारखी. मी उठायचो. अशी सहा-सात वर्षं गेली. ती गेल्याचा निरोप आला त्या आठवड्यातही मी जाणार होतो. मातीला गेलो तेव्हा लेक भिंतीला टेकून एकच सांगत होती की मीच बर्फ दिला. बाया तिला धरून होत्या. मी चपला घालून बाहेर आलो.

आता लेकही साठीकडे आली असेल. तिने हे वाचावं. बसमध्ये मी जुळवायचो ती वाक्यं फार नव्हती:

‘अक्का, पेटी उन्हानं चढली न्हवती. पट्टी मी चढवली, जाणून चढवली. डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ होतं. ढोलकीवाल्याला मीच खोटं सांगितलं. पोरीच्या सरबतात काय न्हवतं, तिला जवळ घे. मला माफ कर म्हणायचं तोंड न्हाई, तरी म्हणतो. माफ कर.’