गोळा करणारा हात

इथे परदेशात, सँट्रीच्या आमच्या ऑफिसातला पोलिश सिक्युरिटीवाला जेवण झालं की टेबलावरचे पावाचे कण उजव्या हाताने गोळा करायचा, बाहेरच्या पक्ष्यांसाठी. आणि रोज मला तेच ऐकवायचा, "हाताला आम्ही रेंका म्हणतो. रशियन लोकांनी त्यातला नाकातला आवाज टाकून दिला, रुका केलं. पण मुळात अर्थ एकच, गोळा करणारा." मी फोनमध्ये बघत नुसती मान डोलवायचे.

पॅरालिसिसचा झटका आल्यावर तीन महिन्यांनी तो कामावर परतला. जेवण झाल्यावर डाव्या हाताने त्याने कण उजव्या तळव्यावर ठेवले आणि बोटं मिटायची वाट बघत बसला. मिटली नाहीत.

मला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमच्या भाषेत हाताला काय म्हणतात हो?"

"हँड," न मिटलेल्या बोटांकडे बघत तो म्हणाला.