जांभळी साडी आणि बारावा फोटो

नवसाबाई मनानं गरीब, पण आवाज मात्र एकलहऱ्याच्या पॉवर हाउसच्या भोंग्याशी पैज लावणारा. भोंगा निदान ठरल्या वेळी वाजायचा, हिला वेळ-काळ नव्हता. नवरा कारभारी कोळशाच्या खात्यात होता. त्याला म्हणे कामावरच जरा शांत वाटायचं.

थोरला सोमा फौजेत, पार तिकडं बर्फात. ब्याऐंशीच्या दिवाळीत त्याचं पत्र आलं, "आई, तुझा एक फोटो धाड. इथं सगळ्यांच्या आया भिंतीवर हायेत, माझीच नाय. पंधरवड्यात रस्ता बंद होईल, त्याच्या आत धाड." बाईचा उभ्या जन्मात एकच फोटो, लग्नातला, आणि त्यातही ऐन वेळी करवली आडवी आलेली! नाशिकरोडच्या स्टुडिओत जायचं तर कारभारीला सुट्टी मिळेना. पण नवसाबाईचं ठरलं होतं. सोमानं पहिल्या पगारातून आणलेली येवल्याची मोरांच्या काठाची जांभळी साडी नेसून ताठ उभं राहायचं. फौजेत लेकाची मान खाली जायला नको, बस्स.

योगही जुळून आला. धाकट्या सुलाच्या नववीच्या वर्गातल्या बारा पोरापोरींच्या हाती भिकन मास्तरांनी आपला डबडा कॅमेरा दिला. रोल एक, फोटो बारा. प्रत्येकानं आपल्या घरची गोष्ट एका फोटोत सांगायची. ज्याची गोष्ट त्यानं "आता" म्हणायचं आणि खटका दुसऱ्यानं दाबायचा. "कुणी नटायचं मात्र नाही," मास्तरांनी बजावलं.

नटायचं नाही! अहो, फोटो काढायचा आणि न नटता?

रविवारी सकाळी पोरांची टोळी आधी शेजारच्या बायडाबाईकडं गेली. तिच्या पोराला भाकरी थापणारी आई दाखवायची होती. "मी काय भिकारीण हाय का रे?" असं म्हणून बायडाबाईनं नवसाबाईची जांभळी साडी मागून आणली, नेसली आणि ट्रान्झिस्टर काखेत धरून उभी राहिली. ते बघून दुसरीनं साडी मागितली, मग तिसरीनं. नवसाबाईला काही नाही म्हणवेना. "न्या गं बायांनो, पण माझ्या नंबराला आणून द्या." आपलं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

टोळी बाराव्या घरी पोचली, साडी काही पोचली नाही. अकरावी पुतळाबाई फोटो झाल्यावर साडी नेसूनच बहिणीला दाखवायला कॉलनीतल्या पलीकडच्या लाइनीत गेली होती. पोरं आत दाटीवाटीनं बसली. नवसाबाई विटक्या लुगड्यात, हातात सांडशी घेऊन दारात साडीची वाट बघत राहिली. एवढ्यात नाकाला वास लागला. वळून बघते तर स्टोव्हवरचं दूध पातेल्याबाहेर! तिनं जी काय आरोळी ठोकली, ती ऐकून सुला म्हणाली, "आता!" खटका पडला. रोल संपला.

आठ दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात फोटो दोरीला टांगले. अकरा बाया, अकरा जणींच्या अंगावर तीच मोरांच्या काठाची साडी, आणि सगळ्या कवायतीला उभ्या राहाव्यात तशा. मुख्याध्यापकांनी विचारलं, "या सगळ्या जावा-जावा का हो?" भिकन मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. बाराव्या फोटोत नवसाबाई, आ वासलेली, सांडशी उगारलेली.

फोटो बघून ती घरी आली ती तोंड मिटूनच. दोन दिवस घरात चिडीचूप. कारभारीनं सुलाला हळूच विचारलं, "आजारी हाय का काय गं ही?" तिसऱ्या दिवशी मात्र तिला रडू फुटलं. "साडी माझी, अन् मीच बोंबलतीय! पोरगं तिकडं वाट बघतंय, त्याला हे धाडू?"

पण रस्ता बंद व्हायला आला होता आणि दुसरा फोटो नव्हता. शेवटी तिनं सुलाकडून लिहून घेतलं, "फोटो धाडते. भिंतीला लावू नको. पेटीत तळाला ठेव."

 बर्फात अडकलेलं उत्तर होळीला आलं. सुलानं मोठ्यानं वाचलं, "आई, फोटो भिंतीलाच लावला. सगळे विचारतात, तुझी आई कुणावर ओरडती? मी म्हटलं, दुधावर. हातात सांडशी अन् असं तोंड, म्हणजे दूधच. थोडं तरी वाचलं का गं?"

"परत वाच," नवसाबाई म्हणाली. सुलानं परत वाचलं. मग पुन्हा एकदा. नवसाबाईनं पदरानं डोळे पुसले, आणि पलीकडच्या लाइनीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिही त्याला, निम्मं गेलं. उरलेल्याचा पोरांना चहा पाजला."