खाडीत बुडवलेली बाटली

आमच्या जुव्यावर, म्हणजे खाडीच्या मधोमध वसलेल्या चौदा घरांच्या बेटावर, काय येतं आणि काय जातं हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी बाबली, तरीवाला. नवरी माझ्या होडीतून येते, डॉक्टरही माझ्याच होडीतून येतो. विजेचे खांब काही खाडी ओलांडेनात, तेव्हा दोन हजार दोन साली सूर्याचे दिवे आले, तेही मीच वल्हवत आणले. घरटी एक सोलारची प्लेट, एक बॅटरी आणि दोन दिवे. बॅटऱ्यांनी माझी कंबर मोडली, ते सोडा.

दिवे बसवणाऱ्या संस्थेचे निकेत साहेब म्हणाले, बॅटरीच्या पेट्यांना कुलूप राहील आणि चावी एकाच माणसाकडे. सगळ्यांनी गुणाजीकडे बघितलं. गुणाजी वाडीचा पुढारी, आवाज असा की माडावरचा नारळ खाली यावा. तेवढ्यात पिएदादबाय विचारायला लागली. ऊन आत जाऊन वीज कशी होते? पावसात काय करायचं? पेटीत पाणी कित्याक? साहेब घामाघूम झाले आणि शेवटी चावी तिच्याच हातात ठेवली. गुणाजीला ते झोंबलं.

पिएदादबाय आमची शिवणकाम करणारी. पन्नाशीची, नवरा जाऊन वर्षं झालेली. तिला जगातली प्रत्येक वस्तू उघडून बघायची खोड. माझी गॅसबत्ती तिने एकदा विचारल्याशिवाय खोलली. जोडली तेव्हा एक स्क्रू उरला, आणि बत्ती आधीपेक्षा बरी पेटली. आता बोला! चावी तिने गळ्यातल्या खुरसाशेजारी, म्हणजे क्रूसाशेजारी, बांधली. दर महिन्याला मालवणच्या गॅरेजातून बॅटरीचं शुद्ध पाणी आणायची आणि चौदा घरं फिरायची. साहेबांनी तिला एक काचेची नळी दिली होती. बॅटरीतलं पाणी नळीत ओढलं की आतला छोटा तरंग, म्हणजे तरंगणारी कांडी, हलतो. वर आला तर पाणी जड, म्हणजे बॅटरी भरलेली, बुडाला तर रिकामी. त्या नळीवर ती पोरासारखी खूश होती.

दुसऱ्या वर्षी मार्चात गुणाजीच्या घरचा दिवा मान टाकायला लागला. भात वाढेपर्यंतसुद्धा टिकेना. बॅटरी नवी घातली, तरी तेच. बाकी तेरा घरं लख्ख आणि पुढाऱ्याच्या घरात चिमणी! गुणाजी पेटला. आणि त्यात तेल कुणी ओतलं? मी. खोटं कशाला बोलू! होडीत बसून पिएदादबायने बॅटरीच्या पाण्याची बाटली खाडीत बुडवलेली मी डोळ्यांनी बघितली होती. ते मी गुणाजीला सांगितलं. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

झालं. बाई बॅटरीत खारं पाणी घालते, असा बोभाटा झाला. गुणाजीने साहेबांना निरोप धाडला. रविवारी शाळेच्या पडवीत बैठक बसेल, तोवर बिघाडाचं कारण सापडलं नाही तर चावी काढून घ्यायची आणि गुणाजीला द्यायची. पिएदादबाय रडली नाही की भांडली नाही, पण हात सारखा गळ्याशी जायचा. मला मनातून मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड काही उघडलं नाही.

शनिवारी ती भर दुपारी गुणाजीच्या घरी गेली, हे मला मागाहून कळलं. एरवी ती संध्याकाळी जायची, काम आटोपून. गुणाजी समुद्रावर होता. पेटीवरचा हिरवा दिवा, जो उन्हात लागायलाच हवा, तो विझलेला. ती घराला वळसा घालून मागे गेली. आमच्याकडची घरं दरडीला टेकून असतात, मागचं छप्पर हाताला लागतं. पुढून काही दिसत नाही. तिथे प्लेटीवर जुन्या लुगड्याचा तुकडा पसरलेला, त्यावर गोलमो, म्हणजे बारीक कोळंबी सुकत घातलेली, वरून जाळं. आणि बाजूला काठी घेऊन गुणाजीची आई, राधाबाई. पोरगा समुद्रावर गेला की घालायची, तो यायच्या आत काढायची.

राधाबाईचा चेहरा पांढराफटक. गुणाजीचा राग तिने जन्मभर झेललेला.

पिएदादबायने काय विचारावं? "काकी, हयसर किती दिसांत सुकता?"

"दीड दिसात," राधाबाई पुटपुटली. "खाली चटयेर तीन दीस लागतत. मांजरांचोय तरास."

"दीड दिसात! काच तापता म्हणान?" असं म्हणत तिने प्लेटीखाली हात घालून बघितला. मग दोघींनी मिळून गोलमो उचलला, काच पुसली, आणि हिरवा दिवा लागला.

रविवारी पडवी भरली. साहेबांनी विचारलं, "कारण सापडलं का?"

"गावला. दिवो कालपासून बरो आसा."

"काय होतं?"

"ता सांगूचा नाय."

"म्हणजे चूक हिचीच!" गुणाजी गरजला. "काढ ती चावी!"

तिने खरंच दोरा सोडायला घेतला. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तेवढ्यात मागून राधाबाई उठली. या बाईने उभ्या आयुष्यात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं.

"साहेब, तिचो दोष नाय. प्लेटीर गोलमो मिया सुकत घालतंय, महिनोभर. तिना काल बघल्यान, आणि कोणाक एक शब्द सांगूक नाय." मग लेकाकडे वळून म्हणाली, "आता काय बोलाचा ता माका बोल."

साहेब म्हणाले, गाठ सोडू नका.

मी मात्र तेव्हाही गप्पच. म्हातारीला जमलं ते मला जमलं नाही.

दोन दिवसांनी पिएदादबाय मालवणहून पाणी घेऊन होडीत बसली. अर्ध्या खाडीत आल्यावर म्हणाली, "बाबली, त्या दिसा बाटली बघलंस तर इचारूचा होतास मरे! हयसर तुझ्याशिवाय बघणारो होतो कोण?"

लाज वाटली, खरंच वाटली. म्हटलं, "चुकलंय बाये. कित्याक बुडवलं होतंस?"

तिचे डोळे असे चमकले की जणू मी काही केलंच नव्हतं. "नळयेतलो तरंग जड पाण्यात वर येता मां? मगे गोड्या पाण्याची बाटली खाऱ्या, जड पाण्यात काय करतली, ता माका बघूचा होता. बूच तेव्हाय घट्ट होता, आताय हा. वल्हां ठेव, तूच बघ."

मी वल्हं ठेवलं, बाटली पाण्याखाली दाबली आणि सोडली. ती वर आली.