अण्णांच्या जाकिटाची पाच काजं

किल्लारीजवळच्या आमच्या गावातून लातूरला निघाले, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझी पेटी डाव्या हाताने जीपवर चढवली. उजव्या हाताची बोटं भूकंपात भिंतीखाली सापडली होती, ती पुढे कधी नीट वळलीच नाहीत. "डाक्टर होऊनच ये, माय," ते म्हणाले. "त्या दिवशी गावात एक जरी डाक्टर असता, तर हा हात असा ऱ्हायला नसता." मी मोठ्या ऐटीत मान हलवली.

लातूरच्या खोलीतल्या मैत्रिणींनो, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही क्लासला जायचात, आणि मी डोकं दुखतंय म्हणून खाली घरमालकीण रशीदाखालांकडे जाऊन बसायची. खाला शिंप्यांच्या कोटांना हाताने काजं करून द्यायच्या. कापड आधी कापायचं आणि मग ती उघडी कड टाक्याटाक्याने बांधायची, हे बघूनच मी कात्री खाली ठेवून द्यायची. "काप की गं," खाला म्हणायच्या, "कापल्याबिगर काज व्हत न्हाई." फिजिक्समध्ये मी दोनदा आपटले, काज मात्र पहिल्या महिन्यातच जमलं. तुम्ही डॉक्टर झालात, मी नांदेडला कोट-जाकिटांचं दुकान टाकलं. अण्णा त्या दुकानाची पायरी कधी चढले नाहीत. पुढे मीही बोलावणं सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, रागच होता.

आणि यंदा भावाच्या लग्नाआधी आईचा फोन आला: "तुझे अण्णा म्हणून राहिलेत, जाकीट तूच शिवावं." मी भर दुकानात टुणकन उडी मारली! मापासाठी त्यांचा जुना सदरा एसटीने आला. त्याला सगळी टिचबटणं. तेवढीच त्यांना डाव्या अंगठ्याने दाबता येतात. काजाचं बटण लावायचं तर आई लागते.

मग तीन दिवस मी नुसती चिंध्यांवर काजं करत बसले. मशीनचं काज झटपट होतं, पण ताठ. बटण त्यात अडतं. कापडी पट्टीचं काज दिसायला देखणं, पण त्याच्या दोन्ही कडा बटण धरून ठेवतात. त्यांच्या डाव्या हाताच्या सोयीसाठी बटणं डाव्या बाजूला नेली असती, तर ते बायकांचं जाकीट झालं असतं आणि अण्णांनी ते मलाच घालायला लावलं असतं. शेवटी खालांचंच काज. टोकाला गोल तोंड, कडेने जाड दोरा, त्यावर मेण लावलेल्या रेशमाचे टाके. बटण कापडापासून वर उचललेलं राहावं म्हणून त्याला दोऱ्याची उंच मान दिली. माझी उजवी बोटं चिंधीने करकचून बांधून लावून पाहिलं, तर बटण अलगद आत! खऱ्या कापडावर कात्री ठेवताना खालांचं "काप की गं" आठवलं, आणि कापलं.

लग्नाच्या सकाळी आईचा हात सवयीने अण्णांच्या गळ्याशी गेला. "थांब," ते म्हणाले. पहिलं बटण लागलं. मग दुसरं. पाचही लागल्यावर त्यांनी सगळी काढली आणि पुन्हा लावली. मला रडू आलं आणि हसूही. मांडवात कुणीतरी विचारलं, बोटं सरळ झाली का.

"बोटं तशीच हायत," अण्णा म्हणाले. "काज लेकीनं केलंय."

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. ऊन मी म्हणत होतं, तरी अण्णा जाकीट घालूनच जीपपाशी उभे. "आता कोट शिव," ते म्हणाले. "माप द्यायला मीच येतो नांदेडला."

इतकी वर्षं घर म्हटलं की मला गावच आठवायचं, आणि दुकान म्हणजे पोट भरायची जागा. आज सकाळीच उठून मी दुकानाची पायरी धुतली, दारात रांगोळी काढली, खुर्चीवर नवी उशी टाकली. अण्णांची एसटी दहाला येते.