कुंतीची मॅटिनी

कस्तुराबाई सिनेमाला निघाली, की चामराजपेठेतल्या त्या गल्लीतल्या तीन-चार बायका हातातली कामं टाकून तिच्यामागे निघत. सिनेमा तमिळ असो, तेलुगू असो, नाहीतर हिंदी, पडद्यावरचं भांडण नीट पेटायच्या आत ही सांगून मोकळी व्हायची, की ही पुराणातली कुठली कथा. "नळ-दमयंती आहे गं ही. पत्ते कुटत बसलाय बघितलास? आता बायकोला आगगाडीत झोपलेली टाकून जाणार." आणि पुढच्याच स्टेशनावर तो मेला खरोखर उतरून जायचा. शेजारची गंगव्वा निपाणीकडची. तिला तमिळमधलं ओ की ठो कळत नसे, पण कस्तुराबाई शेजारी असली की योग्य जागी डोळ्यांना पदर लावायला ती कधी चुकली नाही.

हे शिक्षण तिला माहेरचं. वडील अथणीजवळच्या एका गावात देवळात पुराण सांगायचे आणि ही समईत तेल घालायच्या निमित्तानं खांबाला टेकून ऐकत बसायची. सासरी बंगळुरात आल्यावर पुराणं सुटली आणि मॅजेस्टिकची थिएटरं भेटली. तिथं तिला सगळी ओळखीची माणसं दिसू लागली. रावणाला दोन साखर कारखाने मिळाले होते, मारुती नायकाचा विनोदी मित्र झाला होता आणि सीतेवर संशय घ्यायला परिटाऐवजी पोस्टमन आला होता. "आळशी लोक," ती म्हणायची. "व्यासांनी रांधून ठेवलंय, हे नुसतं वाढतात. वर स्वल्प गाणी." एका गोष्टीचा मात्र तिला राग होता. शेवट त्यांना सोसत नसे. पुराणात सीता भुईत जाते. सिनेमात नवरा माफी मागतो, सासू डोळे पुसते आणि सगळे मिळून फोटो काढतात.

तिचा नवरा हरी एका सरकारी कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होता. थोरले दीर रघुपती त्याच कारखान्यात इंजिनिअर. घरं समोरासमोर, मध्ये एक अरुंद रस्ता. दिरांना आणि कमलाअक्कांना मूल नव्हतं. व्रतं झाली, डॉक्टर झाले, घाटी सुब्रह्मण्याला जाऊन नागाची स्थापना झाली. शेवटी एकोणीसशे पन्नास साली सासूबाईंनी निकाल दिला. कस्तुराबाईचा थोरला भीमसेन देता येत नाही, तेव्हा धाकटा उपेंद्र दत्तक द्यायचा. घरचं मूल घरातच राहील. कस्तुराबाईला विचारलं होतं, असं त्या घरात अजून सांगतात. विचारलं म्हणजे सांगितलं. उपेंद्र तेव्हा भिंत धरून चालायला लागला होता.

भटजी आले, होम झाला. हरीनं हातावर पाणी सोडलं आणि कस्तुराबाईनं आपल्या हातानं पोर उचलून जावेच्या ओटीत ठेवलं. पोर हसत होतं. ओटी बदलली हे त्याला काय कळणार. मग सासूबाईंनी तिला देवघरात नेलं, तळहातावर तुळशीचं पान ठेवलं आणि नरसिंहासमोर शपथ घ्यायला लावली. "मुलाला हे तोंडानं कधी सांगणार नाही, म्हण." तिनं म्हटलं. त्या दिवसापासून ती पोटच्या पोराची काकू झाली. पुढच्या काही रात्री रस्त्यापलीकडून त्याचं रडणं ऐकू यायचं, तिचा पदर भिजायचा आणि सासूबाई उठून खिडकी लावून घ्यायच्या. चीड यावी अशीच ही गोष्ट आहे. पण चीड आणायची कुणावर? सगळे आपापल्या परीनं भलंच करत होते.

कमलाअक्का वाईट असत्या तर बरं झालं असतं. पण त्या बाईत खोट काढायला जागा नव्हती. गोवर आला तेव्हा त्यांनी डोळ्याला डोळा लावला नाही. गल्ली त्यांना यशोदा म्हणायची. देवकीचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही. पुराणिकसुद्धा तिला तुरुंगात सोडून गोकुळात निघून जातात.

कस्तुराबाईच्या वाट्याला संध्याकाळ आली होती. शाळा सुटली की उपेंद्र गोष्ट ऐकायला तिच्याकडे यायचा. कमलाअक्कांना गोष्टी येत नसत. भाजी निवडता निवडता तिनं त्याला रामायण सांगितलं, भागवत सांगितलं, भारत सांगितलं. तो मांडीला टेकून बसायचा. दिवेलागण झाली की समोरून हाक यायची, "उप्या, जेवायला ये." तो "आलो आई" म्हणून उठायचा आणि मांडीवरची ऊब थोडा वेळ तशीच राहायची. त्या "आई"ला ओ द्यायला तिची जीभ उचलली जायची. ती दातांखाली धरून कस्तुराबाई भाजी निवडत राही.

अशी पंधरा वर्षं गेली. सासूबाई गेल्या, त्यांची शपथ राहिली. उपेंद्र पीयूसीला चांगल्या मार्कांनी पास झाला आणि त्याला खरगपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या बुधवारी मद्रासच्या गाडीनं निघायचं होतं. तिकडून पुढं परदेशी जायचं, असं रघुपती आतापासूनच सगळ्यांना सांगत होते. मुलगा परत मागायचा विचार कस्तुराबाईच्या मनाला शिवलाही नव्हता. जाण्याआधी एकदा, एकदाच, त्यानं तिला आई म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

त्याच आठवड्यात गंगव्वानं तिला एका नव्या कन्नड सिनेमाला नेलं. देवळाच्या पायरीवर टोपलीत सोडलेलं पोर एका लॉरी ड्रायव्हरला सापडतं, इथंच कस्तुराबाईनं ओळखलं. सूताच्या घरी वाढलेला कर्ण. गंगव्वानं कोपरानं ढोसून विचारलं, "अक्का, कुठली कथा म्हणायची ही?" त्या दिवशी ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. शेवटी भर कोर्टात, पोर टोपलीत सोडणारी ती बाई "हा माझा मुलगा" म्हणून ओरडली. मुलगा पिंजऱ्यातून धावत आला, "अम्मा" म्हणून तिच्या पायांवर पडला, आणि अख्खं थिएटर हमसून रडलं.

येताना बसमध्ये तिच्या डोक्यात ते आलं. नरसिंहासमोर तिनं तोंडानं सांगणार नाही म्हटलं होतं. सिनेमा दाखवणार नाही असं म्हटलं नव्हतं. पोरगा हुशार आहे. पडद्यावर बघेल, शेजारी बघेल, त्याचं त्याला कळेल. जन्मभर सिनेमांना शेवटावरून नावं ठेवणारी बाई आता त्याच शेवटावर भरवसा टाकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती समोर गेली. कमलाअक्का चकल्या तळत होत्या.

"अक्का, उपेंद्राला जायच्या आधी एकदा सिनेमाला नेऊ का?"

"ने की. त्यात विचारायचं काय? मला मेलीला या बांधाबांधीतून कुठली सवड," कमलाअक्का म्हणाल्या आणि दोन चकल्या तिच्या हातावर ठेवल्या. आपल्याच लेकराला दुपारभर न्यायला परवानगी मागून, वर चकली खात ती घरी आली.

रविवारची मॅटिनी. तो तिच्या उजवीकडे बसला होता, नवा शर्ट घालून. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. टोपली आली तेव्हा त्याच्याकडे पाहिलं, ड्रायव्हरच्या बायकोनं पोर छातीशी धरलं तेव्हा पाहिलं. मध्यंतरात त्यानं शेंगा आणल्या आणि सोलून तिच्या हातावर ठेवल्या. कोर्टाचा प्रसंग आला. पडद्यावरून "अम्मा" अशी हाक आली, आणि अंधारात उपेंद्रनं हात पुढं केला. त्या हातात रुमाल होता. "पुसा काकू," तो हळूच म्हणाला.

बाहेर लख्ख ऊन होतं. दोघं बस-स्टॉपकडे चालू लागले.

"काकू, कर्णाची गोष्ट ना ही?"

"होय."

"तुम्ही मला अख्खं भारत सांगितलंत. पण कर्ण आला की घाईघाईनं पुढं जायचात. एकदा मी हट्ट धरला, तर उठून आत निघून गेलात. मग मीच लायब्ररीत जाऊन वाचली. आठवीत होतो."

तिनं दुकानाच्या कठड्याला हात टेकला. "म्हणजे तेव्हापासून..."

"तेव्हा नुसता संशय आला. मग अप्पांकडे बघितलं, आरशात बघितलं. भीमण्णाचं आणि माझं नाक बघितलं." हरीला तो पहिल्यापासून अप्पाच म्हणायचा, सगळी पोरं म्हणायची तसं. "शेवटी तुमच्या माहेरच्या गुंडोमामाला विचारलं. तो नाही म्हणाला नाही."

म्हणजे इतकी वर्षं हा समजून-उमजून काकू म्हणत होता. समोरून हाक आली, की समजून-उमजून मांडीवरून उठून जात होता. तिला वाटत होतं, की ती एकटीच दातांखाली जीभ धरून आहे.

"सिनेमात तो आईकडे जातो," उपेंद्र म्हणाला. "पुस्तकात जात नाही. बरोबर?"

खोटं बोलता आलं असतं. पण पुराणिकाच्या मुलीला कथा चुकीची सांगता येईना. "नाही जात," ती म्हणाली.

"का नाही जात, काकू?"

हे तरी त्यानं तिला बोलायला लावायला नको होतं. रस्त्यावर सायकली जात होत्या, माणसं जात होती. तिनं वडील सांगायचे तसं सांगितलं. "तो म्हणतो, राधेनं माझं हगणं-मुतणं काढलं. माझ्यासाठी तिला पान्हा फुटला. आता तिला सोडलं, तर माझ्यासारखा पापी नाही."

त्यानं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज घट्ट होता. उद्याचा इंजिनिअरच तो.

"आईला कळू देऊ नका, मला ठाऊक आहे म्हणून. तिला सोसणार नाही. मी गेल्यावर ती दिवसभर घरात एकटीच असणार. ती रडत तुमच्याकडे आली, तरी सांगायचं नाही. वचन द्या, काकू."

त्यानं हात पुढं केला, तळवा वर करून. कस्तुराबाई त्या हाताकडे बघत राहिली. एका शपथेतून सुटायला म्हणून ती घरातून निघाली होती, आणि हा दुसरी मागत होता. पण गोष्टींखेरीज त्यानं आजवर तिच्याजवळ काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच मागणं, आणि मुलाच्या पहिल्या मागण्याला आई नाही कशी म्हणणार?

"दिलं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.